स्पिन्स्टर आणि बहात्तर नानकटाया

पत्र्यावर बहात्तर नानकटाया होत्या. आठ ओळी, ओळीत नऊ. मैदा, साखर, तूप सगळं आमच्या घरचं. भट्टी तेवढी कामरानची. दहिवलीत ही पद्धत जुनी आहे. आपलं सामान घेऊन बेकरीत जायचं, पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि भाजून होईपर्यंत बाकावर बसायचं.

मी तीन वर्षांनी त्या बाकावर बसले होते. मधे एमेस्सी झाली, खालापूरच्या एका प्रयोगशाळेत बिस्किटांतला ओलावा मोजायची नोकरी लागली. आणि बेकरीत मोहियुद्दीनचाचांच्या जागी त्यांचा मुलगा कामरान आला होता. त्याच्या कानाला पीठ लागलं होतं. त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं... मीही सांगितलं नाही.

नानकटाया रविवारसाठी होत्या. पनवेलचे लोक मला बघायला येणार होते. माझ्यासोबत आलेली माझी मावशी, झोहराखाला, दाराबाहेर फोनवर त्यांना माझे गुण ऐकवत होती. लग्नाच्या इंग्रजी फॉर्मवर वाचलेला एक शब्द तिला फार भारदस्त वाटला होता.

"मुलगी एमेस्सी हाय. स्पिन्स्टर हाय."

कामरानने पत्रा भट्टीत सरकवला आणि माझ्याकडे वळला. "स्पिन्स्टर म्हणजे... एमेस्सीच्या वरचं काय?"

"बिनलग्नाची बाई," मी म्हणाले. "पण मूळ अर्थ सूत कातणारी."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला राहवेना. मी सांगितलं, की जुन्या इंग्रजीत हे 'स्टर' काम करणाऱ्या बायकांना लागायचं. वेब्स्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे बीअर करणारी. आता ती नुसती आडनावं उरलीत. सूत कातणाऱ्या पुष्कळ जणी बिनलग्नाच्या असायच्या, म्हणून स्पिन्स्टरला तो अर्थ चिकटला. आणि बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी.

"म्हणजे ही गादी मुळात बायकांची?"

"मुळात."

तो गंभीरपणे उठला, आपलं स्टूल पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी बसले. मग त्याने गँगस्टरचं विचारलं. तोवर 'स्टर' कोणालाही लागायला लागलं होतं, असं मी म्हटल्यावर तो शब्द त्याने आपल्या धाकट्या बहिणीला, नमिराला, देऊन टाकला. हॅमस्टर यात येत नाही, हेही मला स्पष्ट करावं लागलं. तो ऐकत होता — भट्टीकडे पाठ करून, माझ्याकडे बघत.

वास आधी मला आला.

पत्रा बाहेर आला तेव्हा नानकटाया वरून सोनेरी होत्या. मी एक उलटी केली. खालून कोळसा.

"दुसरा घाणा लावतो," तो पत्र्याकडे बघत म्हणाला. "माझ्या तुपाचा. रविवारच्या आत मिळेल तुमाला."

"मिळायला हवा का?"

तो बराच वेळ हात पुसत राहिला. पुसायला काही उरलं नव्हतं.

"नाय," तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच 'तुमी' सोडून — "तू अजून थोडे दिवस स्पिन्स्टर राहा. पुढच्या जुम्म्याला मी अम्मीला घेऊन येतो."

मी त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. त्याने घाईघाईने पुसला, पण दुसरा. मग मीच पुसला. खाला अजून फोनवरच होती.

नानकटाया मी डब्यात भरल्या, सोनेरी बाजू वर.

रविवारी पाहुणे पाच, वाढलेल्या नानकटाया दहा. परत आल्या साडेनऊ.

जुम्म्याला कामरान आणि त्याची अम्मी, पाहुणे दोन. नव्या घाण्यातल्या वाढल्या दहा. परत आली एकही नाही. सहा मी खाल्ल्या.