जिवंत नमुना

पडद्यावर आकडा उमटला. मृत्यूची वेळ: आज, दुपारी चार.

डॉ. दिनकर वैरागडे यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे दहा वाजत होते. टेबलावरचा माणूस पहाटे शिंगाडे काढायला तलावात उतरला होता आणि सहा वाजता तिघा सोबत्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला होता.

"म्हणजे हा अजून मेलाच नाही म्हणा की," पंचनाम्याचे कागद घेऊन उभे असलेले हवालदार शेंडे म्हणाले. "उठवू का साहेब? चहा सांगतो त्याले."

वैरागडे हसले नाहीत. या मृत्युशोध केंद्रात मृत्युघटिका हे यंत्र बसवून तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिची पंधरा मिनिटांचीही चूक कुणाला सापडली नव्हती. स्वतःबद्दल वैरागड्यांना इतकी खात्री कधीच वाटली नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं समजून त्यांनी तपासणी पुन्हा केली. उत्तर तेच आलं. मग त्यांनी यंत्र बनवणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुलक्षणा डहाके यांना फोन लावला.

सुलक्षणाबाई दुपारी आल्या आणि संध्याकाळपर्यंत यंत्र उघडून बसल्या.

"यंत्र ठीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग हे मोजते तरी काय?" शेंड्यांनी विचारलं.

"जिवंत शरीर अंगावरच्या जीवाणूंना धाकात ठेवतं, हवालदार. माणूस मेला की धाक संपतो आणि ते ठरलेल्या क्रमाने वाढू लागतात. कुठली जात कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहिलं की किती तास झाले ते कळतं. फक्त हवा, उकाडा, धूळ यांमुळे जिवंत कातडीवरही थोडी गडबड असतेच. ती वजा करायला जवळच्या एका जिवंत माणसाचा नमुना लागतो. तुलना-नमुना. दोन्ही नमुने यंत्रात विरघळतात आणि वजाबाकी तेवढी उरते."

"तो मले मागितला होता साहेबांनी. म्या नाही म्हटलं. मेलेल्याच्या शेजारी आपला हात कोण मांडते?"

कुणीच मांडत नसे. नातेवाईक, पंच, शिपाई, सगळे हात मागे घेत. त्यामुळे तीन वर्षं प्रत्येक प्रकरणात वैरागडे आपलाच डावा तळवा पुढे करत आले होते.

"आज मी नवे नमुने घेऊन दोन्ही आकडे वेगळे काढून पाहिले," सुलक्षणाबाईंचा आवाज खाली आला. "सकाळच्या दहाच्या हिशोबाने प्रेताचे तास चार. बरोबरच आहेत. तुमच्या हाताचे दहा. चारातून दहा गेले, म्हणून वेळ सहा तास पुढची आली."

"प्रेतांत वावरणारा हात आहे. काही लागलं असेल."

"म्हणूनच मघाशी तुमच्या पाठीचा नमुना घेतला. तिथेही दहाच."

पुढचे दहा दिवस त्या रुग्णालयांतून मरणपंथाला लागलेल्यांचे नमुने तपासत हिंडल्या. परत आल्या तेव्हा वैरागड्यांच्या टेबलावर त्यांच्या स्वतःच्या पोटाच्या तपासणीचा अहवाल पडला होता. स्वादुपिंडात गाठ होती.

"जीवाणूंना मृत्यू कळत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्यांना फक्त धाक कमी झालेला कळतो. अपघातात, खुनात धाक आणि श्वास एकदमच संपतात. सावकाश येणाऱ्या मरणात धाक आधीपासून ओसरू लागतो. तो नेहमी एकाच वळणाने ओसरतो. कुणाचा भराभर, कुणाचा हळूहळू. बारा तासांच्या पुढे गेलेला जिवंत माणूस मला एकही भेटला नाही."

वैरागड्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"सतरा मेला माझा आकडा किती असेल?"

सुलक्षणाबाईंना तारीख कळली नाही. दाराशी उभ्या असलेल्या शेंड्यांना कळली.

सतरा मेच्या रात्री आठ वाजता देवराव भोयर नावाचा एसटी कंडक्टर ड्युटीवरून घरी आला होता आणि साडेआठला त्याच्या बायकोचं, शालूचं, प्रेत पोलिसांनी पाहिलं होतं. डोक्यात वार होता. उन्हाळा असा की प्रेत थंडच होईना, त्यामुळे तापमानावरून वेळ काढता येत नव्हती. मृत्युघटिकेने काढली: रात्री आठ. भोयर कोर्टात ओरडून सांगत होता, "म्या उचललं तवा ती लाकडासारखी कडक होती जी!" पंचनाम्यातही शेंड्यांनी लिहिलं होतं, 'दोन्ही हात ताठ.' अर्ध्या तासात प्रेत तसं होत नाही. साक्षीत वैरागड्यांना ते विचारलं गेलं होतं. यंत्रापुढे आपल्या अनुभवाची काय किंमत, असं वाटून ते म्हणाले होते, "एवढ्या उष्णतेत क्वचित होऊ शकतं." जलदगती कोर्टाने भोयरला जन्मठेप दिली.

"माझ्या हातावर तेव्हाच काही तास असतील," वैरागडे म्हणाले, "तर तेवढे तास तिच्या तासांतून वजा झाले. ती दुपारीच गेली होती आणि भोयर तेव्हा बसमध्ये तिकिटं फाडत होता."

"पण ते किती तास, हे सांगता येणार नाही. मेमधला आकडा कुठेच उरलेला नाही. कोर्ट म्हणेल, डॉक्टर डिसेंबरात आजारी आहेत, मेचं काय?"

"वळण एकच असतं म्हणालात ना? मग आजपासून रोज माझा नमुना घ्या. सगळे बिंदू जुळवून वळण मागे नेलं की सतरा मे सापडेल. शेवटच्या बिंदूपर्यंत गेलं तर शंकेला जागाच राहणार नाही."

"आणि शस्त्रक्रिया? सर्जननी दोन वर्षं तरी मिळतील म्हणून सांगितलंय ना?"

"शस्त्रक्रिया केली की वळण मोडेल."

"डॉक्टर, हा वेडेपणा आहे!"

"असेल. माझं चुकत असेल," ते नेहमीसारखं म्हणाले. "पण 'होऊ शकतं' असं मी म्हणालो होतो, यंत्र नाही. उद्या सकाळी दहाला या."

त्या रोज येत राहिल्या. आकडा साडेदहा झाला, अकरा झाला. वैरागडे खुर्चीतून पलंगावर गेले, पण डावा तळवा रोज वेळेवर पुढे येत होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, सुलक्षणाबाई उशाशी असताना, वैरागड्यांचा श्वास थांबला. त्यांनीच लिहून ठेवल्याप्रमाणे आठपर्यंत देह केंद्रात आणला गेला.

आता यंत्र दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवत होतं. पण जिवंत नमुन्याशिवाय ते सुरू होत नव्हतं, आणि या प्रकरणानंतर तपासणाऱ्याने स्वतःचा हात द्यायला मनाई झाली होती. सुलक्षणाबाईंनी खोलीत नजर फिरवली. दोन्ही पंच खाली बघू लागले. शिपाई दाराकडे सरकला.

शेंड्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि डावा तळवा टेबलावर, डॉक्टरांच्या हाताशेजारी, उताणा ठेवला.

"घ्या मॅडम. साहेबांसाठी."

काही मिनिटांनी वरचा आकडा उमटला. चौदा तास. मृत्यूनंतरचे दोन वजा जाता बारा. वळण पूर्ण झालं. सुलक्षणाबाईंनी ते मागे, मेपर्यंत नेलं. पाच तास वीस मिनिटं. म्हणजे शालू भोयर रात्री आठला नव्हे, दुपारी दोन चाळीसला गेली होती.

"भोयर सुटेल," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अर्ज आजच जाईल."

"चांगलं झालं," शेंडे म्हणाले. हात अजून टेबलावरच होता. "आन् खालचा आकडा? तो माझा असंल."

सुलक्षणाबाईंनी खाली पाहिलं.

"शून्यच असंल ना, मॅडम?"

त्यांनी पडदा हळूच आपल्याकडे वळवला. शेंड्यांनी हात उचलून खिशात घातला.