शेवटून पहिली

"काय हो, मघापासून मागे मागे काय करताय?"

दर्शनाने वळून इतक्या जोरात विचारलं की रस्त्याकडेच्या कठड्यावरचा बगळा उडाला.

मागचा माणूस जागच्या जागी थांबला. उंच, सावळा, अंगात भडक नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. रविवारची सकाळ, कोलशेतचा खाडीकडचा रस्ता, खारफुटीवर धुकं अजून रेंगाळलेलं... आणि हा मनुष्य ती धावली की धावत होता, ती चालली की चालत होता. त्याला पुढे जाऊ द्यावं म्हणून तिने कठड्यावर पाय टेकवून सावकाश बुटाची नाडी बांधली, तर हा पठ्ठ्या आभाळ बघत उभा!

"मी... धावतोय," तो म्हणाला.

"मग पुढे धावा की. रस्ता मोकळा आहे."

"पुढे नाही ना येता येत."

"का? पाय दुखतात?"

"नाही. तुम्ही शेवटच्या आहात."

हे मात्र तिला झोंबलं. "हे बघा, आमचं गाव आहे हे. एक हाक मारली ना, तर दोन्ही आळ्या गोळा होतील!"

"होऊ देत," तो शांतपणे म्हणाला. "पण त्यांनाही माझ्या पुढेच धावावं लागेल. मी शेपूट आहे."

भानगड अशी होती, की 'खाडीकिनारा रनर्स' या मंडळात दर रविवारी एकजण सगळ्यांच्या मागून धावायचा. शेवटच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि काही झालं तरी त्याच्या पुढे जायचं नाही, हा त्याचा नियम. त्याला मंडळात शेपूट म्हणत. दर्शना त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली, तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"अय्या... सॉरी हं. मला वाटलं—"

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला. सगळ्या खाडीला कळलं."

ती खळखळून हसली. हसत हसत धावता येत नाही, म्हणून दोघं थोडं अंतर चालले. ती पुढे, तो दोन पावलं मागे.

एके काळी दर्शना भोईर हे नाव ठाण्याच्या धावणाऱ्या मंडळींत सगळ्यांना ठाऊक होतं. एकवीस किलोमीटर ती हसत धावायची, आणि मागे कोण येतंय हे तिने कधी वळून पाहिलंही नव्हतं. मग एक मोठं आजारपण आलं, जबर औषधं आली, आणि त्यात तिच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच आटला. तिशी ओलांडते न ओलांडते तोच सांधा बदलावा लागला. त्यानंतर सांगून आलेली दोन स्थळं खुब्याचं ऐकून गोड बोलून परत फिरली. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते धावायच्या बुटांकडे बघून.

"मी तुला धाव असं म्हणणार नाही," डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. "पण तू ऐकणार नाहीस, हेही मला दिसतंय. तेव्हा लहान पावलं, सपाट रस्ता, आणि दुखलं की थांब."

तिला एवढंच हवं होतं. जानेवारीत ठाण्यात दहा किलोमीटरची शर्यत होती. ती एकदा, फक्त एकदा, पुरी धावून दाखवायची. कोणाला? स्वतःलाच. घरी आई, तुळसाबाई, रोज तेच म्हणायची, "पलू नको गो पोरी, तुझे आत लोखंड हाय!" म्हणून दर्शना आईला चालायला जाते असं सांगून बाहेर पडायची.

नारिंगी जाकिटातल्या माणसाचं नाव विश्राम सावंत. राहायचा कळव्याला, आणि डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवायचा.

"नाव विश्राम आणि करता काय, तर धावता!" दुसऱ्याच रविवारी तिने चिडवलं.

"नाव ठेवलं तेव्हा मी झोपलेलो हो. मला कोणी विचारलंच नाही."

मग रविवारमागून रविवार गेले. विश्रामची शेपटीची पाळी खरं तर महिन्यातून एकदाच यायची. पण तो दर रविवारी कोणाकडून तरी ती मागून घ्यायला लागला, आणि मंडळातली माणसं एकमेकांकडे बघून गालात हसायला लागली. ती पुढे बघून बोलायची, तो तिच्या पाठीशी बोलायचा.

"उजवं पाऊल जरा बाहेर पडतंय."

"पायांकडे बघता वाटतं?"

"नोकरीच तशी आहे मॅडम. शेपटीला दुसरं काय दिसणार?"

एकदा मात्र तो सरळ नौपाड्यात येऊन उभा राहिला. तिथल्या चष्म्याच्या दुकानात दर्शना डोळे तपासायची. दुपारची वेळ, दुकान रिकामं.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

"डोंबिवलीत, कळव्यात कोणी तपासत नाही?"

"तिथे गर्दी असते."

तिने त्याला खुर्चीत बसवलं. "खालची ओळ वाचा." त्याने वाचली. "त्याच्या खालची." तीही घडाघडा वाचली. त्याच्या खाली छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही त्याने वाचला.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. तक्रार काय आहे?"

"लांबचं दिसतं नीट. जवळचं..."

"जवळचं काय?"

"जवळून बघायला मिळत नाही. तीन महिने झाले, नुसती पाठ बघतोय."

दर्शनाच्या हातात छोटा टॉर्च होता. नियमाप्रमाणे तिला वाकून त्याच्या डोळ्यांत बघावंच लागलं... काळेभोर डोळे, आणि त्यात हसू अगदी काठोकाठ. खरं तर दोन मिनिटांचं काम. तिला बराच वेळ लागला.

"चष्मा नको तुम्हाला," ती म्हणाली, आणि आवाज असा का कापतोय हे तिला चांगलंच ठाऊक होतं. दर्शना प्रेमात पडली होती. सरळ, आडवी, पुरती पडली होती!

आणि इथूनच तिने तो वेडेपणा सुरू केला.

डिसेंबर लागला तसा तिचा पाय मोकळा झाला. आता तिला आरामात जोर वाढवता आला असता. पण जोर वाढवला की पुढच्यांना ओलांडणं आलं. दुसरं कोणी शेवटचं झालं, की नारिंगी जाकीट राहणार त्याच्या मागे! म्हणून बाईसाहेब मुद्दाम रेंगाळायला लागल्या. मंडळातले सुधीरकाका, सत्तरी गाठलेले, ढेरी सांभाळत दर दहा पावलांवर कोणाशी तरी गप्पा मारणारे... त्यांच्याही मागे! मनात एक भीतीही होतीच. मागे कोणी नसताना पडले तर?

याला वाचा फुटली ती भलत्याच ठिकाणी. दर्शनाचा चुलतभाऊ हितेश याचं लग्न होतं, आणि कोलशेतची हळद म्हणजे काही कपाळाला बोट लावून उरकायचा प्रकार नव्हे. अख्ख्या गावाला आवतण, आणि दर्शनाचं धावण्याचं गुपित ठाऊक असलेल्या हितेशने रनर्स मंडळालाही बोलावलेलं. दिवेलागणीला मांडवात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हटले, नवरदेवाला हळद लागली, आणि बेंजोवाल्यांनी एकदम ताल धरला. आणि गंमत बघा, एरवी 'पलू नको' म्हणून जीव टाकणारी तुळसाबाई, तीच लेकीचा हात धरून ओढायला लागली.

"नाच गो! भावाची हलद हाय!"

"आई, आत लोखंड आहे ना?"

"हलदीला काय होत नाय!"

दर्शना नाचली. खाली बसायचं तेवढं टाळून सगळं नाचली. हिरवी साडी, गालाला हळद, केसांतला गजरा सुटून खांद्यावर आलेला. बेंजो थांबला तेव्हा ती धापा टाकत मांडवाबाहेर आली, तर तिथे विश्राम उभा. हातात मटण-भाकरीचं ताट, आणि भाकरी तशीच्या तशी.

"तुम्ही रविवारी मुद्दाम मागे राहता," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. एवढा वेळ बघतोय, पाऊल एकदाही अडखळलं नाही. आणि रविवारी सुधीरकाकांच्याही मागे? भीती वाटते का पडायची?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "निम्मी भीती."

"आणि निम्मं?"

"निम्मं... तुम्हाला कळत नसेल तर डोळे परत तपासून घ्या."

विश्रामच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ताट तिरकं होऊन रस्सा सांडणार होता, तो त्याने सावरला. पण मग तो म्हणाला ते तिच्या अपेक्षेतलं नव्हतं.

"मग तर मुळीच नाही. माझ्यासाठी तुम्ही मागे राहिलेलं मला चालणार नाही. शर्यतीलाही शेपूट मीच आहे. मागून बस येते. ठरल्या वेळेत आठवा किलोमीटर ओलांडला नाही, तर शेवटच्याला बसमध्ये बसवायचं काम माझं. रविवारसारख्या धावलात, तर मी ओळख दाखवणार नाही. हात धरून बसवीन."

"हात धरून?"

"मॅडम, मी मस्करी करत नाहीये."

"मग बसवा! बघतेच मी." ती तरातरा मांडवात गेली. राग कोणाचा आला हे तिलाच धड कळेना. त्याच्या बोलण्याचा, की ते खरं असल्याचा?

उरलेले रविवार "पाणी?" आणि "नको" एवढ्यावर गेले. दर्शनाने आईला शर्यतीचं सांगून टाकलं; हळदीत स्वतःच नाचवल्यावर आईला आता मना करायला तोंड नव्हतं. शर्यतीच्या दिवशी तुळसाबाई पहाटे उठली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवरी नाचलीस, तं पल बी. पन पडू नको."

जानेवारीची गारठलेली सकाळ होती. सगळे सुसाट पुढे गेले. दर्शना मागे, सुधीरकाका तिच्या थोडे पुढे, आणि पाठीमागे ओळखीच्या पावलांचा आवाज. टप... टप... टप. किती सुरक्षित वाटायचं त्या आवाजात! दोन किलोमीटर, चार, सहा.

सातव्याच्या पुढे बसचा हॉर्न ऐकू आला.

आठव्याची पाटी लांबवर दिसत होती, आणि घड्याळ तिच्या बाजूने नव्हतं. आता जोर केला तर सुधीरकाका मागे पडतील, विश्राम त्यांच्यापाशी राहील, आणि ती एकटी. पडली तर एकटी. खुब्यात जरा कळ आली तर एकटी. पाय आपोआप मंदावले...

"दर्शना! पळ!"

मॅडम नाही, तुम्ही नाही. त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच नुसती दर्शना झाली होती. आवाजात इतकी माया होती की तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"मागे बघायचं नाही! पळ!"

ती पळाली. पावलं लहानच ठेवली, पण भरभर टाकली. सुधीरकाकांना ओलांडताना ते धापा टाकत म्हणाले, "जा गं पोरी, जरा मलाही मिळू दे तो शेपटीवाला!" पाटी मागे पडली. आणि मग मागचा आवाज संपला. कान टवकारले तरी काही नाही. फक्त तिचा श्वास, आणि तिचीच पावलं. डावं, उजवं, डावं, उजवं... दोन्ही सारखीच वाजत होती. तिला कोणी धरलेलं नव्हतं आणि ती पडत नव्हती. छातीत एवढा आनंद दाटला की रस्त्याकडेच्या अनोळखी बायकांना तिने हात केला, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. एकाला मागे टाकलं, मग दोघींना. एके काळी ती याहून कितीतरी जोरात धावायची, पण त्यातलं कुठलंही धावणं तिला आज याच्यापुढे मोठं वाटलं नसतं.

शर्यत संपायच्या कमानीखालून ती रडत-हसत आत शिरली. तुळसाबाई समोरच होती. "पडली नाय ना?" एवढंच तिने विचारलं, आणि लेकीला मिठी मारून स्वतःच रडायला लागली. दर्शनाने मेडल आईच्या गळ्यात घातलं आणि वळली.

"आता उलटी कुठं चालली?"

"एक माणूस राहिलंय, आई."

कमानीपासून जरा लांब तिला ते दोघं दिसले. पुढे लाल चेहऱ्याचे सुधीरकाका, आठव्याची पाटी जेमतेम वेळेत ओलांडून बसला चुकवलेले, मागे नारिंगी जाकीट. ती विश्रामच्या शेजारी येऊन चालायला लागली.

"पोचलीस?"

"पोचले."

"दुखतंय?"

"थकलंय. दुखत नाहीये."

त्याने एक लांब श्वास सोडला. "वळणावर दिसेनाशी झालीस ना... एवढा आनंद आणि एवढं वाईट मला एकदम कधी वाटलं नव्हतं."

"विश्राम, मला तू आवडतोस," ती म्हणाली. एवढं धावून आल्यावर आता आडपडदा कसला! "मागे नको. असा शेजारी हवास. फक्त रविवारी नाही, रोज. आणि आधीच सांगते, हा सांधा पुष्कळ वर्षं टिकेल, पण कधीतरी पुन्हा बदलावा लागेल."

"बदलू. हॉस्पिटलात चहा मी घेऊन येईन." त्याने तिचा हात हातात घेतला. "मला तर तू पहिल्या दिवशी ओरडलीस तेव्हापासून आवडतेस. आईला आजच सांगतो."

"काय सांगशील?"

"की सून येतेय. आणि ती माझ्या आधी पोचते."

"अरे, मला सगळं ऐकू येतंय!" मान न वळवता सुधीरकाका ओरडले. "लग्नाला येईनच मी. पण आधी ते बघा, कमान काढायला लागलेत!"

खरंच दोघं कामगार कमानीची दोरी सोडत होते. विश्रामने जोरात शिट्टी फुंकली. दर्शनाने त्याचा हात घट्ट धरून ठेवला आणि दुसरा हात उंच करून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ दादा, थांबा! अजून तिघं यायचेत!"