‘निवांत’चं झाकण

वारज्याच्या श्यामला आगाशेंकडे चौकशीची कामं यायची ती बहुधा लग्नाआधीची. शब्द वाचवायचं काम पहिलंच.

"घड्याळ चोरीला गेलंय," तनया केतकर म्हणाली. "ते मिळालं नाही, तर शब्दही जाईल."

तिच्या वडिलांचं, यज्ञेश्वर केतकरांचं, कसबा पेठेत घड्याळांचं दुकान. तिथे बनणाऱ्या प्रत्येक घड्याळाच्या तबकडीवर ‘निवांत’ लिहिलेलं असतं. लाखालाखांची घड्याळं विकणाऱ्या एका परदेशी कंपनीनं हाच शब्द आपल्या नावावर नोंदवून घेतला होता. सोमवारी नोटीस आली, पंधरा दिवसांत शब्द काढा. आपण तो आधीपासून वापरतो हे सिद्ध झालं, तर दुकानाला ठेवता येणार होता. पुरावा एकच, १९८९ सालचं पहिलं ‘निवांत’. ते गुरुवारी शोकेसमधून नाहीसं झालं.

"रोजच्या बोलण्यातला शब्द कंपनीचा कसा होतो?" आमोदनं विचारलं. श्यामलाबाईंच्या या मदतनिसाला चहाशिवाय काही सुचत नसे, आणि चहानंतरही फारसं नाही.

"बोलायला फुकट आहे. तबकडीवर लिहायला नाही."

तनयाचा आतेभाऊ गंधार त्याच कंपनीच्या शोरूममध्ये नोकरीला. आमोदनं त्याला मनातल्या मनात बेड्याही घातल्या. पण मामांनी नोटीस आली त्याच दिवशी त्याला दुकानाची पायरी बंद केली होती.

कारागीर संपतनं धंद्याची रीत दाखवली. घड्याळ उघडणारा माणूस झाकणाच्या आत सुईनं तारीख आणि आपलं अक्षर कोरतो. दर चार-पाच वर्षांनी तेल घालावंच लागतं, नाहीतर यंत्र अडतं. त्या पहिल्या घड्याळाला मात्र साहेबांनी त्याला कधी हात लावू दिला नव्हता.

यज्ञेश्वर नजरेला नजर देईनात. शोकेसची एकुलती किल्ली त्यांच्या जानव्याला, पण गुरुवारी म्हणे कुलूप लावायचं राहिलं. घड्याळ पस्तीस वर्षं उत्तम चालतंय, झाकण मात्र एकदाही उघडलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी संध्याकाळी वकिलांनी फोनवर झाकणाच्या आतला फोटो मागितला होता. ते यज्ञेश्वरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं; श्यामलाबाईंना ते वकिलांकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंनी सगळ्यांना दुकानात बसवलं.

"चोर कंपनीचा असता, तर नोटीस यायच्या आधीच आला असता. हा फोटो मागितल्यावर जागा झाला. फोटोचं ठाऊक होतं एकट्या आपल्याला," त्या यज्ञेश्वरांना म्हणाल्या. "आणि तेलाशिवाय पस्तीस वर्षं चालणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. आपण ते उघडत होतात, एकटेच. स्वतःचं अक्षर कोणी लपवत नाही. आत पहिलं अक्षर कोणाचं आहे?"

यज्ञेश्वरांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं. आत बरेच ‘य’ होते. सर्वांत वर, १९८९ च्या शेजारी, ‘बा’.

बापूराव. तेव्हा यज्ञेश्वरांच्या शेजारच्या बाकावर बसणारा कारागीर. स्वतःचे वडील गेल्यावर मांजरी गावी, घरच्या उसाच्या शेतीवर परतलेला. घड्याळ त्याचं, शब्दही त्याचा. यज्ञेश्वरांनी तो आपला म्हणून सांगितला, व्यापारी संघाची शालही घेतली.

"कंपनीनं शब्द नोंदवून घेतला. आपण न नोंदवताच घेतलात," श्यामलाबाई म्हणाल्या.

तनयाला शरमेनं मान वर करवेना. तिनं गंधारची माफी मागितली. यज्ञेश्वरांना तेवढंही जमलं नाही.

वकिलांच्या मते शब्द अजून वाचत होता, पण त्यासाठी घड्याळ याच दुकानात बनवलं असं बापूरावांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते मागायला यज्ञेश्वर तनयाबरोबर मांजरीला गेले.

बापूरावांनी कागद न वाचताच सही केली. घड्याळ कानाला लावून ते हसले.

"चालू हाय की अजून. दुकानात आल्या-गेल्याला सांगत असशील, बापूनं केलंय म्हणून. पोरास्नी मी तेच सांगतो."

यज्ञेश्वरांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर म्हातारा सुखी राहिला असता. पण शेजारी तनया बसली होती.

"नाही, बापू," ते म्हणाले. "कोणालाच नाही सांगितलं."

बापूरावांनी घड्याळ कानावरून काढलं आणि तनयाच्या हातात दिलं.