तापेवाडीचा हिसका

तापेवाडीत जमीन हलली की कोणी घराबाहेर मोकळ्यावर पळत नसे. सगळे जाळीघराकडे पळत. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, पण जाळीघर चुकता कामा नये.

जाळीघर म्हणजे गरम पाण्याच्या कुंडाशेजारी, नेमकी जमिनीतल्या भेगेवर बांधलेली दगडी इमारत. तिच्यात एका खोल विहिरीचं तोंड होतं आणि त्या तोंडाशी सोनं धरणारी जाळी. जमीन हलली की जाळी वर ओढायची. तिच्या चौकटीला ज्या घराचा हात लागला, त्या घराला वाटा. घरी लोळत पडणाऱ्याला फुकट का द्या, असा गावाचा रोखठोक हिशेब होता.

ही विहीर भूशास्त्रज्ञ डॉ. शर्वाणी टिपणीस हिने खणलेली. आता ती बंद करा, हे सांगायला ती स्वतःच सरपंचांच्या पडवीत बसली होती. सरपंच सानिका पाष्टे सत्तरीच्या. सानिका हे एकेकाळचं पोरींचं नाव आता आज्यांचंच उरलं आहे.

"सोपं करून सांगा ताई. सभेत मलाच बोलायचंय," सानिकाबाई म्हणाल्या.

"कुकर डोळ्यासमोर आणा. शिटी दाबून धरली की पाणी शंभर अंशांच्या पुढेही तापत राहतं. जमिनीखाली तसंच आहे. पाणी भयंकर तापलंय, पण वरच्या दाबामुळे उकळत नाही. त्यात गंधक आहे आणि गंधकाच्या आधाराने किंचित सोनं विरघळलेलं आहे. दाब एकदम उतरला की पाण्याची वाफ होते, गंधक वायू होऊन निघून जातो, आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं."

निसर्गात हे काम भूकंप करतो. खडकाला भेग पडते, दाब उतरतो, सोन्याचा एक पापुद्रा बसतो. असे असंख्य धक्के बसले की कुठे सोन्याची शीर तयार होते. शर्वाणीने एवढंच केलं, की भूकंपाची वाट न पाहता विहिरीवरची झडप उघडून दाब उतरवला. त्यासरशी जमीन जराशी हले. गाव त्याला हिसका म्हणे. हिसक्याला कोणी घाबरत नसे; उलट चार दिवस झाला नाही तर बायका चौकशी करत.

"मग आता काय बिनसलं?"

"सोन्याबरोबर गारगोटीही बसते. भेगा बुजत आल्यात. पाण्याला वाट नाही, खाली दाब साचतोय. झडप बंद ठेवून दुसरीकडून तो हळूहळू उतरवता येईल. पण तोवर मोठा धक्का येऊ शकतो, आणि पहिलं कोसळेल ते जाळीघर."

सानिकाबाईंनी गुडघ्यांवरून हात फिरवला. "हे घर, पोराचं शिक्षण, माझे नवे गुडघे, सगळं त्या जाळीतनं आलंय." मग आत पाहिलं. सून मुग्धा तान्ह्या बाळाला पाजत होती. "पण जीव राहिला तरच गुडघ्यांचा उपयोग. करा बंद."

त्यांनी सभेत अशी काही बाजू मांडली की ठराव एकमताने झाला. झडपेला कुलूप लागलं. जाळी सवडीने काढू म्हणून राहिली. धक्का बसला की शाळेच्या मैदानावर जायचं, असं ठरलं. भोंगा वाजवून त्याच्या तालमीही झाल्या. दर वेळी सानिकाबाई नव्या गुडघ्यांवर सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. शर्वाणीला गावाचं फार कौतुक वाटलं.

एका दुपारी ती सानिकाबाईंकडेच जेवत होती. ताटातली आमटी हिंदकळली, भांडी खडखडली. भोंगा वाजला नाही. तो वाजवणाराही पळत सुटला होता.

धक्का थांबला तेव्हा जाळीघर माणसांनी गच्च भरलं होतं. छतातून माती गळत होती. दाराच्या कमानीतला एक दगड निखळून पडला होता. कोणीतरी पुटपुटलं, "आपण मैदानात जायचं होतं ना?" कोणी हसलं नाही, कारण तोवर जाळी वर आली होती. झडप बंद होती, पण दाब धक्क्यानेच उतरवला होता, आणि एवढी पिवळी जाळी गावाने कधी पाहिली नव्हती.

"ताई, हाच का तो मोठा?" सानिकाबाईंनी विचारलं. बाळ त्यांच्या कडेवर होतं.

"नाही. हा लहान."

"मग मोठ्याला किती..." त्या अर्ध्यावरच थांबल्या आणि शरमेने लाल झाल्या.

शर्वाणीचा संताप अनावर झाला. "अहो, कडेवर बाळ आहे तुमच्या! अक्कल आहे की नाही कोणाला? बाहेर व्हा सगळे! कशाला आलात इथे?"

सानिकाबाईंनी फक्त शर्वाणीच्या हाताकडे पाहिलं.

शर्वाणीला जाळीत वाटा नव्हता. कधीच नव्हता. तरी तिचा खरकटा उजवा हात चौकटीवर होता, आणि तिने ती घट्ट धरली होती.