हेळव्यानं लावलेलं नाव

दसरा झाला की कोल्हापुरातल्या वंशावळी जमवणाऱ्यांच्या उत्साहाला ऊत यायचा. इतिहास मंडळाचा मेळावा वाचनालयात भरायचा आणि भली भली माणसं पणजोबांवरून हमरीतुमरीवर यायची. १९५३ च्या आश्विनातही तसंच चाललं होतं.

रुद्राप्पा मास्तर मात्र कोपऱ्यात गप्प बसले होते. साठीचे, एकटा जीव. सलग चौथ्या वर्षी त्यांनी आपल्या घराण्याचा तक्ता भिंतीला लावला होता. खाली चिठ्ठी होती, 'या घराण्यातील कुणी हयात असल्यास कृपया भेटावे.' कुणी फिरकलं नव्हतं.

मास्तरांच्या घरची माणसं लहानपणीच प्लेगात गेली होती. गावाबाहेरच्या झोपडीत थोरली बहीण मल्लव्वा तेवढी तापानं फणफणत पडली होती. चुलत्यानं सहा वर्षांच्या रुद्राप्पाला खांद्यावर टाकलं आणि तिला तिथंच ठेवून तो निघाला. ती कधी मेली, कुणी पाहिलं नाही. ती रुद्राप्पाला तम्मा म्हणायची. धाकट्या भावाला त्यांच्याकडं तसंच म्हणत. मास्तरांनी हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

यंदा मंडळानं हेळव्याला बोलावलं होतं. बैल घेऊन गावोगाव फिरायचं आणि घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणायच्या, हा हेळव्यांचा धंदा. गुंडू हेळवी घोंगड्यावर डोळे मिटून बसला आणि मास्तरांच्या सात पिढ्या घडाघडा म्हणत गेला. एक नाव चुकलं नाही. शेवटी म्हणाला, "बसाप्पाचा ल्योक रुद्राप्पा, लेक मल्लव्वा."

मास्तर कोपऱ्यातून पुढं आले. "पोरींची नावं तुमी लावत न्हाई की."

"न्हाईच लावत. तिनंच लावाय लावलं."

"कवा?"

"आज सकाळी. तुमच्या घराकडं गेलतो. नऊ-दहा वर्साची पोरगी. अंगात ताप हुता, तरी सुपातनं जोंधळं घातलं तिनं."

"घराला कुलूप हाय."

"व्हय? मला उघडं दिसलं."

मास्तर उठले, तक्ता भिंतीवरच राहिला. गंगावेशीतल्या आपल्या घरापर्यंत ते उन्हातून जवळजवळ पळतच गेले. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद होत होता. इतक्या वर्षांत घरी कुणी वाट पाहत असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी ते काढलं आणि दार ढकललं.

आतून कडी होती.

त्यांनी हलकेच दार वाजवलं.

"कोण?"

चोपन्न वर्षांपूर्वीचा आवाज, तसाच.

"अक्का, मी. रुद्रा. तुझा तम्मा."



"आमचा तम्मा एवढासा हाय," ती म्हणाली. "काका घिऊन येणार हाय त्याला. तुमी कोण, पावणं?"