पाचव्या सेटपर्यंत

"सर, एक मॅच किती वेळ चालते हो?"

पुजाने विचारलं तेव्हा विजयकुमार शिट्टीची दोरी गळ्यात अडकवत होता. कुरुंद्याच्या मैदानावर चार दिवसांचे व्हॉलीबॉलचे सामने होते. तो जवळा बाजारचा खेळाचा मास्तर, इथं पंच म्हणून आलेला. आणि ती दवाखान्यातली नर्स; मलमपट्टीची पेटी घेऊन तिची ड्युटी मैदानावर लागलेली.

"घाई हाय का सिस्टर? तीन सेटमदी आटोपली तर तासभर. पाचव्या सेटाला गेली तर दोन तास धरा. पंचवीस पॉइंट झाले तरी दोनचा फरक पडेस्तोर सेट सुटत न्हाई."

"बरं," ती म्हणाली... आणि मनातल्या मनात पाचव्या सेटाची वाट बघत बसली.

सेनगावकडचा आपला तांडा सोडून नोकरीसाठी इथं येऊन तिला आठ महिने झाले होते. दिवसा दवाखान्यात माणसांची रीघ. संध्याकाळी कुलूप उघडलं की खोलीत तिच्या एकटीच्या चपलांचा आवाज. फोनवर आई विचारायची, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची, बहुतेकदा खोटंच.

मैदानावर मात्र बरं वाटायचं. शिजवलेल्या हळदीचा वास वाऱ्यावर यायचा, पोरं ओरडायची, आणि उंच स्टुलावरून विजयकुमारची नजर अधूनमधून बॉल सोडून भलतीकडेच जायची.

तिसऱ्या दिवशी तो चहाचा ग्लास घेऊन आला. "घ्या सिस्टर."

"एक सांगू? तुमी मला सिस्टर नका म्हणू."

"मग... काय म्हणू?"

"पुजा."

तो लाजला. चहा थोडा सांडलाही.

फायनल खरंच पाचव्या सेटाला गेली. हा शेवटचा सेट पंधराचाच असतो. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा... शेवटचा बॉल रेषेबाहेर पडला, पण त्याआधी तो एका पोराच्या बोटाला निसटता लागला होता, म्हणजे पॉइंट समोरच्यांचा. पोरगं विजयकुमारच्याच शाळेचं. शिट्टी वाजली, आणि त्याने हात समोरच्या टीमकडे केला. त्याची शाळा हरली.

सगळे पांगले. जाळी सोडून गुंडाळलीसुद्धा. पुजा पेटी बंद करून तशीच बाकावर बसून होती.

"घरी न्हाई जायचं?" तो शेजारी येऊन टेकला. "रोज सगळ्यांच्या मागून जाता तुमी. काहून?"

तिने पेटीची कडी उगाच उघडून पुन्हा लावली.

"खोलीवर कोणी नसतं," ती हळूच म्हणाली. "मॅच लांबली, की तेवढीच संध्याकाळ सरते."

तो हसला नाही. "माझी आई गेली मागच्या उन्हाळ्यात. तवापासून मी बी असाच हिंडून राहिलो... औंढा, वसमत, जिथं बोलावतील तिथं. घरी गेलं की कोणाशी बोलावं तेच कळत न्हाई." मग म्हणाला, "आज शिट्टी वाजवताना हात उचलत नव्हता. पोरं हरतील म्हणून न्हाई... तुमी उठून जाल म्हणून."

पुजाचे कान तापले.

"उद्या सुट्टी हाय मला," तो म्हणाला. "येऊ का? बोलायला?"

नाही म्हणायला हजार कारणं होती. गाव बघेल, तांड्यावर कळेल, आई काय म्हणेल... एकही ओठावर आलं नाही.

"या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरमालकीण जनकाबाईंचं दार वाजवलं.

"मावशी, तुमची एक खुर्ची द्याल का?"

"काहून गं? तुझ्याकडं हाय की एक."

"व्हय. पण... पाव्हणे येऊन राहिले."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच. जनकाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पदराने खुर्ची पुसली आणि तिच्या हाती दिली.

पुजाने ती आपल्या खुर्चीसमोर मांडली. फार जवळ वाटली, म्हणून मागे सरकवली. दाराशी जाऊन पाहिलं... आणि परत येऊन वीतभर पुढे ओढली.