मुंगीयंत्रांची माघार

“शंभरातली सत्तर यंत्रं नुसती उभी! याला काम म्हणतात?” नियंत्रणकक्षातल्या पडद्यावरचे ठिपके पाहून प्रकल्पप्रमुख तेरदाळकर कडाडले.

कक्षाबाहेरच बोगद्याचं तोंड होतं. आत दरड कोसळून नऊ कामगार अडकले होते आणि त्यांच्यापाशी जेमतेम सहा तासांची हवा उरली होती. माणूस सरपटत येईल एवढी वाट खणायची होती, आणि ती खणत होती डॉ. उल्का गोडांबेची मुंगीयंत्रं. त्या नऊ जणांत तिचा धाकटा भाऊ हणमंतही होता.

“सर, मुंग्या अशाच खणतात,” उल्का म्हणाली. “अरुंद वाटेत थोड्याच खणतात, बाकीच्या वाट मोकळी ठेवतात. यंत्रांनाही तोच नियम घातलाय. पुढे दगड लागला तर खणायचं, हलणारं काही लागलं तर मागे फिरायचं.”

“म्हणजे शुद्ध कामचुकारपणा!”

“नाही हो! मागे फिरण्यात मुंगीला कमीपणा वाटत नाही. आपण राबताना दिसावं असा तिचा हट्टच नसतो. बीळ झालं पाहिजे, बस्स.”

पण साहेब येताना दिसले की फावडं उचलायचं, या शिस्तीत तेरदाळकरांची तीस वर्षं गेली होती. त्यातून वरिष्ठांची पाहणी समिती वाटेवर होती. तेरदाळकरांनी मागे फिरण्याचा नियमच बंद करायला लावला. शंभरच्या शंभर यंत्रं आत घुसली.

वा, काय थाट होता! दहा मिनिटं टिकला. मग वाट तुंबली. पुढच्यांना माती मागे टाकता येईना, मागच्यांना पुढे सरकता येईना. तासाभरात वीतभरही खणून झालं नाही.

“चुकलंच माझं,” घाम पुसत तेरदाळकर म्हणाले. “घाला बाई तुमचा नियम परत.”

नियम परत आला आणि गुंता भराभर सुटला. सात मीटर उरले, पाच उरले, तीन!

“शाब्बास गं बायांनो!” उल्का टाळ्या पिटत ओरडली.

दीड मीटर उरला आणि सगळ्यात पुढचं यंत्र मागे फिरलं. त्याचा धक्का लागून त्याच्यामागचंही फिरलं. बघता बघता सगळे ठिपके बाहेर निघाले.

“पळाली की हो!” तेरदाळकरांनी कपाळावर हात मारला.

उल्का पडद्यावर झुकली. आत धूळ एवढी, की कॅमेरे निकामी. यंत्रांना कळायचं ते फक्त स्पर्शमिशांनी. पण दगड लागला असता, तर ती खणतच राहिली असती.

“सर, पुढे काहीतरी हलतंय!”

“दगडात काय हलणार?”

“माणसं! उरलेला दीड मीटर त्यांनीच तिकडून खणलाय!”

ती धावत सुटली, तिच्यामागे तेरदाळकरही. बोगद्याच्या तोंडाशी डॉक्टर, स्ट्रेचरवाले, नुकतीच पोचलेली समिती, सगळ्यांची एकच झुंबड उडाली होती. आत एक दिवा लुकलुकला.

“ताई!” हणमंतचीच हाक!

उल्का पुढे झेपावली, तशीच थबकली आणि हात पसरून मागे सरकू लागली. “मागे व्हा! सगळे मागे व्हा, वाट द्या त्यांना!”

सगळ्यांत आधी तेरदाळकर हटले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एकेक कामगार बाहेर येऊ लागला. चौथा हणमंत होता.

“तेरदाळकर,” समितीचे अध्यक्ष गुरगुरले, “तुम्ही नुसते उभे का?”

“काम करतोय, साहेब,” तेरदाळकर म्हणाले. “तुम्हीही जरा मागे सरा.”